कारागिरांनी कामावर सायकलने जावं का? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, गवंडी अशी कामं करणारे लोक, आणि बऱ्याचदा त्यांच्या घरचे, आमच्या सायकलीच्या दुकानात जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. आम्ही सायकली विकतो आणि कॅरिअर बनवून देतो, म्हणजे आमचा कल कुणीकडे असणार हे उघड आहे. तरी काही प्रश्नांचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे आणि ते तसंच लिहिलं आहे. ‘गाडी’ म्हणजे इथे मोपेड किंवा मोटरसायकल.

आधी एका वाक्यात सांगा, कारागिराचं काम सायकलवर भागतं का?

तीन-चार किलोमीटरच्या आत काम असेल आणि माल दुसरं कुणी आणून टाकत असेल तर भागतं. हत्यारं सायकलवर जातात, माल जात नाही. पाना, पक्कड, ड्रिल, टेस्टर, थापी, ओळंबा हे सगळं मिळून क्वचितच पंचवीस किलोच्या वर जातं. सिमेंट, फरशी, प्लाय, रंगाचे डबे, पाण्याची टाकी हे गाडीवरही नीट जात नाही. त्यासाठी आजही छोटा हत्ती किंवा रिक्षाच बोलावतो आपण. त्यामुळे ‘सायकलवर किती वजन जाईल’ हा प्रश्न लोक आधी विचारतात, पण खरं गणित अंतराचं आहे.

कोणत्या धंद्याला जमतं आणि कोणत्या नाही?

कामाचे दोन प्रकार धरा. एक, एकाच साइटवर आठवडे-महिने चालणारं: सुतार, गवंडी, फरशीवाला, रंगारी. यांची मशिनं आणि घोडे (वर उभं राहून काम करायचे स्टँड) साइटवरच कुलपात राहतात, रोज फक्त माणूस जातो-येतो. यांना सायकल सगळ्यात सोपी. सुताराचं कटर, रंधा मशीन, ड्रिल हे पहिल्या दिवशी रिक्षाने टाकलं की फर्निचर होईपर्यंत हलवायचं काम नाही.

दुसरा प्रकार कॉलवर फिरणाऱ्यांचा: प्लंबर, वायरमन, आरओ किंवा वॉशिंग मशीन दुरुस्त करणारे. यांना एकाच भागात कामं असतील तरच जमतं. प्लंबरची थैली मात्र पूर्वीपेक्षा हलकी झाली आहे. जीआय म्हणजे लोखंडी पाइपच्या काळात आटे पाडायचा डाय सेट आणि वाइस बरोबर न्यावा लागे. आता घरातलं बहुतेक काम सीपीव्हीसी-पीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपचं, त्याला करवत आणि सोल्युशनची डबी पुरते.

एसी बसवणाऱ्यांनी नाद सोडावा. व्हॅक्यूम पंप, गॅसचा सिलिंडर, जेट पंप आणि वर आउटडोअर युनिट हे सायकलचं काम नाही. नुसती सर्व्हिसिंग करणाऱ्याला ई-सायकलवर जमू शकेल, तेही एकाच कॉलनीत लागोपाठ कामं असतील तर. वेल्डिंगवाल्यांनाही तेच.

आणि एका धंद्यात सायकल हेच यंत्र असतं. चाकू-कात्रीला धार लावणारा सायकल स्टँडवर चढवतो, पायडल मारतो आणि दगड फिरतो. त्याला हा प्रश्न कधीच पडलेला नाही.

रोज किती अंतर धरायचं?

लादलेली सायकल साधारण ताशी बारा किलोमीटरने चालते. म्हणजे तीन किलोमीटरला पंधरा मिनिटं. गावात तेवढंच अंतर गाडीवर जायला सिग्नल आणि पार्किंग धरून दहा मिनिटं लागतात, त्यामुळे फरक फारसा पडत नाही. पाच-सहा किलोमीटरच्या पुढे मात्र फरक उघडा पडतो. सिडकोतून नाशिकरोडला रोज दोन कॉल असतील तर दिवसाचा दीड-दोन तास रस्त्यावरच जाईल.

राहायला इंदिरानगरला आणि कामं इंदिरानगर, राजीवनगर, पाथर्डी फाटा एवढ्यात, असं असेल तर सायकल उत्तम. राहायला म्हसरूळला आणि कामं सातपूरला असतील तर फक्त साइटवाल्याने विचार करावा, तोही सकाळी एकदा जाणं आणि संध्याकाळी एकदा येणं एवढंच असेल तर.

नाशिक सपाट आहे ना? चढ किती लागतो?

नवं नाशिक बऱ्यापैकी सपाट. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको इथे लांबलचक मंद चढ आहेत, ते पायाला कळतात पण दम काढत नाहीत. जुनं नाशिक वेगळं. नऊ टेकड्यांवर वसलेलं गाव अशी त्याची ख्याती उगाच नाही. गोदाघाटावरून वर गावात येताना, जुन्या गढीच्या बाजूला, भद्रकालीच्या गल्ल्यांत थोडकेच पण उभे चढ लागतात. तिथे सायकलवरून उतरून ढकलायची. उतारावर मात्र जपा. मागे पंचवीस किलो असताना साध्या रबरी ब्रेकवर सायकल लवकर थांबत नाही, आणि खाली बहुधा गर्दीच असते.

सायकलवर वजन किती लादायचं? दूधवाले तर मोठमोठे कॅन नेतात.

नेतात, कारण त्यांची सायकल त्यासाठीच बांधलेली असते: जाड आरे, जाड टायर, लोखंडी पट्टीचं कॅरिअर, आणि अनेक वर्षांची सवय. कारागिराने रोजचा भार पंचवीस-तीस किलोवर थांबवावा. त्याच्या वर गेलं की मागच्या चाकाचे आरे तुटायला लागतात, आणि आरा नेहमी कामाला उशीर झालेला असतानाच तुटतो.

वजनापेक्षा ते कुठे ठेवलं याला महत्त्व जास्त. कॅरिअरवर उंच रचलेली पेटी वळणावर सायकल ओढते. तेच वजन दोन्ही बाजूंना, चाकाच्या मधल्या उंचीला टांगलं तर जाणवतही नाही. पोस्टमनच्या खाकी झोळ्या आठवा. आम्ही पत्र्याची किंवा प्लायची दोन उथळ खोकी कॅरिअरच्या दोन बाजूंना बसवून देतो, वरती क्रेट हलका. हॅमर मशीन आणि पाने खाली, वायरची बंडलं वर. हँडलला पिशवी अडकवू नका. खड्ड्यात हँडल फिरतं ते त्या पिशवीमुळेच.

पाइप, पट्ट्या आणि शिडी कशी न्यायची?

सीपीव्हीसीचा पाइप तीन मीटरचा मिळतो, म्हणजे दहा फूट. दुकानातच मधोमध कापून घ्या. घरातल्या दुरुस्तीत पाच फुटांपेक्षा लांब तुकडा क्वचित लागतो. कापलेले तुकडे दांडीला समांतर, दोन ठिकाणी ट्यूबच्या रबराने घट्ट बांधायचे. पाय त्याला घासणार नाही ना, हे बसून बघा. वायरिंगच्या नळीलाही (कंड्यूट) हेच. सहा मीटरचा पाइप, अॅल्युमिनियमच्या सेक्शन, आठ बाय चारचा प्लाय हे दुकानदाराला टाकायला सांगा.

शिडी नेऊ नका. पाच-सहा फुटांची घडीची शिडीसुद्धा सायकलवर आडवी आली की रस्ता अडवते. बहुतेक सोसायट्यांत वॉचमनकडे शिडी असते, बंगल्यात माळ्यावर चढायला घोडा असतो. फोनवरच विचारून घ्या. नियमाने फिरता त्या दोन-तीन सोसायट्यांत स्वतःची एक जुनी शिडी ठेवून दिली तर आणखी बरं.

पण अर्धं काम तर दुकानात धावपळ करण्यातच जातं. नळ बघितला की कॉक आणायला पळायचं. त्याचं काय?

हा प्रश्न बरोबर ठिकाणी बोट ठेवतो. सायकल इथेच मार खाते. गाडीवाला पटकन गावात जाऊन येतो, सायकलवाल्याचा त्यात बराच वेळ जातो.

ज्यांचं जमतं त्यांच्याकडे दोन गोष्टी असतात. पहिली, पेटीत नेहमी लागणारा माल: अर्ध्या इंचाचे एल्बो-टी, दोन-तीन प्रकारचे स्पिंडल, वायसर, टेफ्लॉन टेप, कमोडच्या टाकीचा फ्लोट, वायरमनकडे स्विच-सॉकेट, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर, एमसीबी. हे सगळं दोन-तीन किलोत बसतं आणि निम्म्याहून अधिक कॉल त्यातच निभावतात. दुसरी, आपल्याच भागातल्या हार्डवेअरवाल्याशी खातं. फोटो पाठवायचा, तो पोरगा पाठवतो किंवा गिऱ्हाईक स्वतः आणतं. घाऊक खरेदीला आठवड्यातून एकदा गावात जायचं, तेव्हा रिक्षाने या. तेवढा खर्च सायकल सहज सोसते.

कोणती सायकल घेऊ?

काळी, दांडीची, २८ इंची चाकांची जुन्या धाटणीची सायकल. शोरूममध्ये ती कोपऱ्यात उभी असते आणि सेल्समन ती दाखवत नाही, कारण तिच्यात त्याला फार सुटत नाही. किंमत सात-आठ हजारांच्या आसपास. दणकट कॅरिअर, दोन पायांचा स्टँड, पूर्ण चेनकव्हर आणि मडगार्ड तिला मुळातच असतात. दोन पायांचा स्टँड कारागिराला फार महत्त्वाचा: लादलेली सायकल एका पायाच्या स्टँडवर उभी राहत नाही, पडते, आणि पडताना दुसऱ्याच्या गाडीवर पडते.

गिअरची सायकल हवीच असेल तर पुढे-मागे शॉकअॅब्सॉर्बर नसलेली घ्या. शॉकअप पैसे खातात, जोर खातात आणि कॅरिअर नीट बसू देत नाहीत. मागे डिस्कब्रेक असेल तर कॅरिअरचा पाय त्याला आडवा येतो का, हे पैसे देण्याआधी बसवून बघा. तीनचाकी माल-सायकल भंगारवाल्याला आणि भाजीवाल्याला ठीक. कॉलवाल्या कारागिराला ती सोसायटीच्या गेटवरच अडकवते.

ई-सायकलला लायसन्स, पासिंग, विमा लागतो का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ती मोटार वाहन धरली जात नाही. मग लायसन्स नको, नंबरप्लेट नको, विमा सक्तीचा नाही. कंपनीची ई-सायकल घेताना चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. पुण्याची एआरएआय अशी चाचणी करते.

गोची किटमध्ये आहे. साध्या सायकलला बसवायला ३५०, ५०० वॅटची मोटर ऑनलाइन मिळते आणि विकणारा ‘काही होत नाही’ म्हणतो. ती सवलतीच्या बाहेर जाते. अपघात झाला तर तुम्ही विनानोंदणीचं, विनाविम्याचं वाहन चालवत होतात असं ठरेल, आणि तेव्हा विकणारा फोन उचलणार नाही. आम्ही तशी किटं बसवत नाही.

कायद्याचं कळलं, पण ई-सायकल कामाला टिकते का?

चढ आणि दम हे दोन प्रश्न ती सोडवते, त्यामुळे पाच-सहा किलोमीटरची मर्यादा आठ-दहापर्यंत जाते. कंपनी जी रेंज सांगते ती हलक्या माणसाची, सपाट रस्त्याची. हत्यारांसकट अर्धी-पाऊण धरा. बॅटरी काढता येणारीच घ्या, म्हणजे ती घरात चार्ज होते आणि चोरीलाही जात नाही. मागच्या चाकात मोटर असेल तर पंक्चर काढताना चाक सोडवणं किचकट. रस्त्याकडेचा पंक्चरवाला हात लावत नाही, म्हणून मोटर पुढच्या चाकात असलेली बघा. पावसात पाणी मोटरपेक्षा वायरच्या जोडांत शिरतं, तिथे ग्रीस भरून टेप गुंडाळा. वायरमनला हे सांगायची गरज नाही, पण तोच सगळ्यात जास्त टाळतो.

महिन्याला नेमके किती वाचतात?

रोज वीस किलोमीटर, लिटरला पन्नासचं अॅव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दिवसाला ४२ रुपये. सव्वीस दिवसांचे सुमारे अकराशे. त्यात ऑइल, सर्व्हिसिंग, टायर आणि विमा मिळवा, म्हणजे पंधराशे-सोळाशे. गाडीचा हप्ता चालू असेल तर तो वेगळा. सायकलला टायर-ट्यूब, ब्रेकची रबरं, आरे धरून महिन्याला दीड-दोनशे.

आता उलटी बाजू. नुसत्या व्हिजिटचे दोन-अडीचशे मिळत असतील, तर लांबच्या म्हणून सोडलेल्या महिन्यातल्या सहा-सात व्हिजिटांत ही बचत संपते. म्हणूनच म्हणतो, कामं जवळ असतील तर सायकल. सायकल घेतली म्हणून कामं जवळ येत नाहीत. दोन-तीन सोसायट्यांचं वर्षाचं मेंटेनन्सचं काम धरलेल्या माणसाला मात्र जवळजवळ सगळी बचत हातात राहते.

सायकलवर गेलो की गिऱ्हाईक भाव पाडतं. मिस्त्री गरीब दिसला की दोनशेचे दीडशे करतात. खरं सांगा, तुम्हाला कुणी असं सांगितलं का?

खूप जणांनी सांगितलं, आणि ते खरं आहे. गंगापूर रोडच्या टॉवरमध्ये सायकलवाल्याला वॉचमन आधी थांबवतो, मग नाव लिहायला लावतो, मग मागच्या गेटने जा म्हणतो. त्याच गेटमधून रविवारी दीड लाखाची सायकल घेऊन हेल्मेटवाले साहेब बाहेर पडतात तेव्हा सलाम होतो. नाशिकला सायकलचं वेड मोठं आहे, अभिमानाचंही आहे: २०१५ मध्ये इथल्या डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पण त्या वेडाचा फायदा हत्यारांची पेटी लावलेल्या काळ्या सायकलला अजून मिळालेला नाही.

ज्यांना हा त्रास कमी होतो ते काय करतात? व्हिजिटचे पैसे फोनवरच सांगतात, दारात पोचल्यावर नाही. छापील बिलबुक ठेवतात. नाव लिहिलेला स्वच्छ शर्ट घालतात. पेटी बंद होणारी आणि रंगवलेली असते. गोणपाटातून पाना काढला की भाव तिथेच पडतो. जुन्या गिऱ्हाइकाला तुम्ही कशावर आलात याचं काही पडलेलं नसतं. सिडकोत, जिथे मिस्त्रीसुद्धा पलीकडच्या गल्लीतलाच, तिथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही.

एक वायरमन सायकल सोसायटीच्या बाहेर लावून आत चालत जातात. चुकीचं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण मग कुलूप दोन लावा (चोरीचा प्रश्न खाली आहे).

परदेशात प्लंबर मोठ्या कार्गो सायकलवर फिरतात, व्हिडिओ येतात. आपल्याकडे का नाही?

तिथलं गणित वेगळं आहे. लंडनमध्ये २००३ पासून मध्यवर्ती भागात गाडी नेली की दिवसाचा शुल्क भरावा लागतो, जुन्या डिझेल व्हॅनला प्रदूषणाचा वेगळा, आणि पार्किंगचे पैसे निराळे. म्हणजे तिथे सायकलची तुलना व्हॅनशी होते. आपल्याकडे कारागिराकडे व्हॅन असतेच कधी? आपली तुलना पन्नासचं अॅव्हरेज देणाऱ्या मोपेडशी आहे, आणि ती फार चिवट प्रतिस्पर्धी आहे: पुढे पाय ठेवायच्या जागेत पेटी, मागे पाइप, वर हेल्पर. शिवाय त्या कार्गो सायकली लाखांत जातात, आणि आपल्या जिन्याखाली त्या मावणारही नाहीत.

रात्री कुणाची टाकी फुटली, शॉर्टसर्किट झालं, तर सायकलवर कसं पोचायचं?

आपल्या भागात असेल तर सायकलच पटकन निघते. लांब असेल तर रिक्षाने जा आणि भाडं बिलात लावा. रात्रीच्या तातडीच्या कामाला गिऱ्हाईक तेवढं देतं. घरात जुनी गाडी असेल तर अशा वेळेसाठी ठेवा. शॉर्टसर्किटला तर आधी फोनवरून मेन स्विच पाडायला सांगा, मग घाई निम्मी होते.

पावसाळ्यात काय करता?

नाशिकचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दिवसभर रिपरिप चालते. माणसाला रेनकोट पुरतो, जपायचं ड्रिलला. मशिनं आधी प्लास्टिकच्या जाड पिशवीत आणि मग पेटीत. पेटीच्या तळाला दोन भोकं पाडा, नाहीतर आत तळं साचतं. भिजलेलं मशीन लगेच प्लगला लावू नका. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, आणि लादलेल्या सायकलची रिम त्यातच वाकते. मग आउट काढायला, म्हणजे वाकडं चाक सरळ करायला, आमच्याकडेच यावं लागतं.

पंचवटी-गाव अशी रोज ये-जा असेल तर गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी बघूनच निघा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं म्हणजे घाटावरचे छोटे पूल बंद धरायचे आणि होळकर पुलावरून जायचं. त्या दिवशी सगळं गाव त्याच पुलावर असतं, सायकल तेवढी वाट काढते.

उन्हाळ्याचं थोडक्यात: एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बारा ते चार लांबचा कॉल घेऊ नका. हे गाडीवाल्यालाही लागू आहे.

कोणते रस्ते टाळू?

द्वारका चौक. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन्ही हायवे तिथे भेटतात, ट्रक-बस सगळ्या दिशांनी येतात, आणि सायकलवाल्याला कुणी मोजत नाही. तिथे उतरून चालत ओलांडा. मुंबई नाक्यालाही तेच. हायवेला समांतर सर्व्हिस रोड किंवा आतल्या कॉलनीचे रस्ते घ्या; दोन मिनिटं जास्त जातील. अंबड-सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुटण्याच्या वेळी कंटेनर आणि कंपनीच्या बसची गर्दी असते, ती वेळ चुकवा.

उलट मेन रोड, सराफ बाजार, दहीपूल, तांबट लेन इथे सायकलच राजा. तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ जातो, सायकल दुकानाच्या पायरीला टेकते.

अंधारात मागे लाल चकती आणि चार्जिंगचा लुकलुकणारा दिवा हवाच. दोन्ही मिळून तीनशेच्या आत येतात. सायकलला हेल्मेटची सक्ती नाही, तरी घाला.

सायकल किंवा हत्यारं चोरीला गेली तर?

काळी सायकल फार कुणी चोरत नाही, हा तिचा मोठा गुण. हत्यारं मात्र जातात. हॅमर मशीनची किंमत सायकलएवढी असते आणि ते पिशवीत मावतं. त्यामुळे पेटी अशी हवी की एका कडीत सुटून वर नेता येईल. उघडं क्रेट लावलं असेल तर एक फेरी जास्त मारा, पण मशीन खाली ठेवू नका. सायकलला साखळी चाकातून आणि फ्रेममधून घालून खांबाला. मशीनचा नंबर फोटो काढून ठेवा, तक्रार देताना लागतो.

हेल्परला डबलसीट नेता येईल का?

माणूस किंवा हत्यारं, दोन्हीपैकी एक. दोन्ही घेतलं तर ब्रेक पुरत नाही आणि आरे तुटतात (वजनाचा प्रश्न बघा). हेल्परला जुनी सायकल घेऊन द्या, दीड-दोन हजारांत मिळते. माल-हत्यारं दोघांत वाटली जातात, आणि पोरगं पळून गेलं तरी सायकल तुमची राहते.

सिंहस्थात आणि सणावाराला काय होईल?

२०२६-२७ च्या सिंहस्थात (कुंभमेळ्यात), विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या पर्वण्यांना म्हणजे स्नानाच्या मोठ्या दिवसांना, पंचवटी आणि गोदाघाटाच्या भोवती वाहनांना बंदी आणि वळसे राहतील. गर्दीत सायकलही ढकलत न्यावी लागते, पण बॅरिकेडच्या अलीकडे गाडी लावून दोन किलोमीटर पेटी वाहण्यापेक्षा ते बरं. सायकल आत सोडतील असं गृहीत धरू नका. त्या दिवसाची पोलिसांची अधिसूचना वाचा. त्या भागात काम असेल तर हत्यारं आदल्या दिवशी गिऱ्हाइकाकडे टाकून ठेवणं शहाणपणाचं. रंगपंचमीला जुन्या गावात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडतात तेव्हा कामच घेऊ नका. सायकलसकट रंगाल.

विश्वकर्मा योजनेतून सायकल मिळते का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी वगैरे. त्यात हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. व्हाउचर हत्यारांचंच. प्लंबर आणि वायरमन त्या यादीत नाहीत. कर्ज धंद्यासाठी असतं, त्यातून वाहतुकीची सोय केली तर चालेल का, हे बँकेला विचारूनच करा.

विम्याचं मात्र आवर्जून सांगतो. सायकलला विमा नाही म्हणून माणसालाही नको असं नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ७०. बँकेत एक फॉर्म भरायचा.

वय पन्नाशीच्या पुढे, गुडघे दुखतात. सायकल चालवू का?

गुडघे कशाने दुखतात ते आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या हातात एक गोष्ट आहे: दुकानात येणाऱ्या निम्म्या कारागिरांची सीट खाली असते, पाय टेकावेत म्हणून. पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर घ्या. बऱ्याच जणांचं दुखणं तेवढ्यानेच उतरतं. फरशीवाल्यांचे आणि रंगाऱ्यांचे गुडघे कामानेच थकलेले असतात. त्यांनी येताना चढ येणार नाही अशी वाट निवडावी, नाहीतर ई-सायकल.

मी घरोघरी पार्लरचं काम करते. दांडीची सायकल नको. माझ्यासाठी काय?

दांडी नसलेली लेडीज सायकल, पुढे बास्केट, मागे एक बंद पेटी. तुमचं सामान हलकं, कॉल ठरलेल्या वेळेचे आणि बहुधा एकाच भागातले, म्हणजे हा धंदा सायकलला फार अनुकूल. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला साडीगार्ड लावून घ्या, ओढणीही अडकत नाही. वॅक्स हीटर टॉवेलमध्ये गुंडाळून मधोमध ठेवा.

सायकल घेतली तर गाडी विकू का?

लगेच नको. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. गाडी घरी असू द्या, लांबच्या कॉलला काढा. वर्षाअखेरीला गाडी किती वेळा काढली ते तुमचं तुम्हाला कळेल. गाडीवर हप्ता चालू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी हप्ता आणि लांबची कामं यांचा हिशेब मांडा (पैशांचा प्रश्न वर आहे).

गावाकडे वडिलांची जुनी काळी सायकल पडून आहे. तीच चालू करून घेऊ का, की नवी घेऊ?

आधी फ्रेम बघा. दांडी आणि सीटखालची नळी जिथे जुळते तिथे, आणि मागचं चाक धरणाऱ्या पट्ट्यांना तडा किंवा खोल गंज असेल तर सोडा. फ्रेम धड असेल तर बाकी सगळं बदलता येतं: दोन टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकची रबरं, बॉल-बेरिंग आणि नवं ग्रीस. हे सगळं नवीन सायकलच्या निम्म्याहून कमी पैशात होतं, आणि जुन्या फ्रेमचं लोखंड बरेचदा आजच्यापेक्षा जाड निघतं. रिम मात्र टिचकी मारून बघा. बद्द आवाज आला तर ती आतून गंजली आहे, तिच्यावर भार टाकू नका. आणायची असेल तर एसटीने न आणता गावाकडून येणाऱ्या भाजीच्या टेम्पोत टाका, तो मार्केट यार्डात उतरवून देईल.